पुंडलिकभाऊंचा पांढरा उजेड

"मी मेलो काय? अबे, सांगा ना कोणीतरी, मी मेलो काय?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि जरीपटक्याच्या भर बाजारात गुड्डूभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला हा प्रश्न विचारत उभे होते. अंगात वाढदिवसाचा नवा कुर्ता, गळ्यात एक हार, हातात दुसरा, आणि डोळ्यांत खून. गुड्डूभाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे 'भावी नगरसेवक'. इतकी वर्षं भावी आहेत की त्यांच्या पोराच्या लग्नपत्रिकेतही बापाच्या नावाखाली तेच छापलं होतं.

त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आदल्या संध्याकाळी चौकात लागला होता. अक्षरं बिनचूक होती. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असंच लिहिलेलं होतं, शुभेच्छुकांचे चाळीस चेहरेही जागच्या जागी होते. चूक होती ती उजेडात. गुड्डूभाऊंच्या डोक्यामागे पांढरा उजेड होता. कडेला किंचित निळा.

आता बाहेरगावच्या माणसाला यात काय कळणार? पण आमच्या बाजारात फ्लेक्स कोणी वाचत नाही, उजेड पाहतात. पिवळा-केशरी, किरणं फुटलेला उजेड म्हणजे वाढदिवस. गुलाबी म्हणजे लग्न नाहीतर बारावीत पास झालेली पोरगी. आणि पांढरा, निळ्या कडेचा म्हणजे माणूस गेला. स्कूटर न थांबवता कळतं. त्यामुळे रात्रीतून व्हायचं ते झालं. वर्ध्याहून सासू रडत निघाली. दोन कार्यकर्ते खांद्यावर टॉवेल टाकून बांबू कुठे मिळतील ते विचारून आले. आणि शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकर आणली, जी चूल न पेटलेल्या घरी न्यायची असते. दार खुद्द गुड्डूभाऊंनी उघडलं. काकूंच्या हातून डबा सुटला तो जिन्याच्या तळाशी जाऊन थांबला, पिठलं मात्र चौथ्या पायरीवरच राहिलं.

"कुठं आहे तो पुंडलिक? बाहेर काढा त्याले!"

माझ्या शेजारच्या अंधाऱ्या दुकानातून पुंडलिकभाऊ बाहेर आले. उन्हात आल्यावर वटवाघळासारखे डोळे मिचकावले. मग गुड्डूभाऊंना डोक्यापासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात विचारलं, "गुड्डूभाऊ, तब्येत बरी आहे ना?"

बाजार असा हसला की माझ्या दुकानातल्या चष्म्यांच्या काचा फ्रेममधून निसटल्या. एकटे पुंडलिकभाऊ हसले नाहीत. ते उत्तराची वाट पाहत होते.

पुंडलिक भोयर हा माझा वीस वर्षांचा शेजारी. माझं चष्म्याचं दुकान, त्यांचं फोटो आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं, मधे एक विटेची भिंत. त्यांच्या दुकानात ट्यूबलाइट आहे, पण ती पेटलेली मी पाहिलेली नाही. "खोलीत उजेड असला का स्क्रीनवरचा खोटा दिसते," हे त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक आत आलं की आधी खुर्चीला अडखळतं, मग पुंडलिकभाऊंना. त्या दुकानातून बाहेर पडलेली निम्मी माणसं डोळे चोळत सरळ माझ्याकडे येत. माझं घर त्यांच्या अंधारावर बांधलंय, हे मी नाकारत नाही.

माणूस बारीक, इतका की बॅनर बांधायला खांबावर चढला तर खालच्याला खांबच दिसायचा. बोलणं मोजकं. पण उजेडावर बोलायला लागला की तुमची बस गेली समजा. "चष्मेवाले, सोपं आहे गा. फोटोतला माणूस कापून घ्यायचा. त्याची एक कॉपी काढायची. ते कॉपी इतकी धूसर करायची का माणसाचा धुरळा झाला पाहिजे. अन् तो धुरळा त्याच्याच मागं नेऊन ठेवायचा. मग कडेकडेनं मऊ ब्रश. झाला ग्लो." मग बोट वर करून, "पण तोंडावर उजेड मारायचा नाही. मागून द्यायचा. तोंडावर मारला का तो माणूस नाही राहत, हॅलोजन होते."

"जरा उजेड देऊ का?" हे त्यांचं पालुपद. लायसन्सचा फोटो काढायला आलेल्यालाही विचारायचे. एकदा तर दिलाही. आरटीओतून तो माणूस परत आला. साहेब म्हणाले होते, गाडी चालवणाऱ्याचा फोटो आणा, महाराजांचा नको.

केशरी आणि गुलाबी उजेडाच्या बाबतीत हा माणूस उधळ्या होता. पांढऱ्याच्या बाबतीत मात्र कंजूष, आणि त्याला कारण होतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याची पोरं त्यांच्याकडे आली होती. बाप दवाखान्यात, डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत. पोरं हिशोबी. म्हणाली, बनवूनच ठेवा, ऐन वेळी धावपळ नको. पुंडलिकभाऊंनी पांढरा दिला, फाईल सेव्ह केली, आणि त्याच क्षणी पोराचा फोन वाजला. बरं, तो जाणारच होता, असं आपण म्हणू. पण पुढे एका रिटायर्ड कंडक्टरच्या घरच्यांनी मोबाइलवर चुकून मेलेल्याच्या जागी त्याच्या भावाचा फोटो पाठवला. भाऊ ठणठणीत. चूक कळायच्या आत पांढरा देऊन झाला होता. आठव्या दिवशी भाऊ न्हाणीत घसरला तो उठलाच नाही.

तेव्हापासून नियम झाला. पक्की बातमी आल्याशिवाय पांढरा नाही. पक्की म्हणजे किती पक्की? तर कोणाचं श्रद्धांजलीचं काम आलं की ते आधी मला पाठवायचे. "चष्मेवाले, पाहून या ना गा." मी जायचो, पाहायचो, यायचो. मग ते माउसला हात लावायचे. जरीपटक्यात माझ्याइतक्या मयती कोणा भटजीनेही पाहिल्या नसतील, आणि माझा धंदा चष्म्याचा.

आणि अशा माणसाच्या घरात कमलावहिनी आजारी पडल्या.

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मग तीनदा. शेवटी डॉक्टरांनी पुंडलिकभाऊंना बाहेर बोलावून हळूच सांगितलं, आणि वहिनींनी आतून मोठ्यानं विचारलं, "किती दिवस म्हणते?" त्या बाईला काही लपवून सांगायची सोय नव्हती. हातापायांवर सूज, चेहरा जुन्या मेणबत्तीसारखा, पण जीभ शाबूत. डायलिसिसवरून येताना त्या ऑटो दुकानापुढे थांबवायच्या आणि खाली न उतरता ओरडायच्या.

"काहो, माझा फोटो झाला का?"

"उद्या करतो वं."

"उद्या मी असली म्हणजे? त्या ठाकरेबाईनं जिवंतपणी केसाले कंगवा नाही लावला, तिले तुम्ही देवी करून टाकलं. अन् मी काय तुमची चपराशी आहो? मले पाहायचा आहे माझा उजेड. मेल्यावर सगळे पाहतीन, मीच नाही पाहणार. हे काहून?"

बाजार ऐकत असायचा. पुंडलिकभाऊ अंधारात सरकायचे.

मी एकदा त्यांना म्हटलं, "देऊन टाका ना भाऊ. बाईची हौस आहे. तुमच्या पांढऱ्यानं कोणी मरते काय?"

"दोन मेले ना गा," म्हणाले.

"योगायोग आहे."

"असन," म्हणाले. "पण मले एकच बायको आहे."

वहिनींनी मग जेवण सोडलं. फोटोसाठी उपोषण! डॉक्टरांनी आधीच पाणी मोजून, मीठ बंद, फळं बंद केलेली, राहिलं होतं काय सोडायला? तरी सोडलं. तिसऱ्या दिवशी पुंडलिकभाऊ माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि बराच वेळ डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिले. मग म्हणाले, "चष्मेवाले, आपल्या बाजारात सगळ्यात दणकट तब्येतीचा माणूस कोण?"

मला वाटलं कुठल्या तरी जिमचं काम आलंय. म्हटलं, "गुड्डूभाऊ. त्याले बैल धडकला तर एक्स-रे बैलाचा काढा लागते."

"शुगर?"

"त्याले? तो शुगरले होईन."

"बरं," म्हणाले आणि गेले. त्याच आठवड्यात तो फ्लेक्स लागला.

वाढदिवसाच्या दुपारपर्यंत नवा फ्लेक्स लागला, केशरी किरणांचा, गुड्डूभाऊ त्यात सूर्यासारखे उगवलेले. प्रकरण मिटलं. पण पुंडलिकभाऊंचं मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक. "चष्मेवाले, गुड्डूभाऊले पाहून या ना गा."

मी गेलो. गुड्डूभाऊ कोपऱ्यावर झणझणीत तर्रीपोहे खात होते. तिसरी प्लेट.

"तिसरी? घाम येऊन राहिला का त्याले?"

"तर्रीनं सगळ्यालेच येते."

रोज हेच. चौथ्या दिवशी गुड्डूभाऊंना शिंका आल्या, हे मी गमतीनं सांगितलं, तर हा माणूस पांढरा पडला. दुकान बंद करून स्वतः त्यांच्या घरी गेला, दारात सुंठ देऊन आला. गुड्डूभाऊंना वाटलं माफी मागायला आला. छातीशी कवटाळलं त्याला. मला वाटलं, केवढा हा पश्चात्ताप! माणूस चुकीनं खचला म्हणायचं.

तिकडे वहिनी उतरत चालल्या होत्या. सहाव्या दिवशी शुद्ध हरपली, दाखल केलं, सातव्या दिवशी शुद्धीवर आल्यावर घरी आणलं. पुंडलिकभाऊ दवाखान्यातून मला फोन करायचे. मला वाटायचं वहिनींचं काही सांगतील, तर विचारायचे, "गुड्डूभाऊ कसे आहेत?" मी चिडलो. म्हटलं, "भाऊ, बायकोकडं पाहा. तो काही मरत नाही!"

"आठ दिवस होऊ दे," एवढंच म्हणाले.

आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी सकाळी मी सांगितलं, गुड्डूभाऊ मोर्च्यात ढोल वाजवून राहिले. पुंडलिकभाऊंनी ऐकलं, मान हलवली, आणि ऑटो आणायला गेले.

वहिनींना आम्ही दोघांनी धरून आत आणलं. त्या अंधाऱ्या दुकानात स्क्रीनपुढे खुर्ची मांडली. मी दारात उभा होतो, दार अडवून, कारण बाहेर बाजार गोळा झाला होता. फोटो पुंडलिकभाऊंनी कधीचाच काढून ठेवला होता, कुठल्या तरी लग्नातला, वहिनी हसताहेत, तोंडात अर्धा लाडू. लाडू त्यांनी पुसला होता. हसू ठेवलं होतं.

"घाला आता," वहिनी म्हणाल्या.

कॉपी काढली. धूसर केली. मागे ठेवली. ब्रश सारखा कडेबाहेर जायचा, मग मागे घ्यायचे, पुन्हा. स्क्रीनवर वहिनींच्या केसांमागून हळूहळू पांढरं उमटत गेलं आणि ते खऱ्या वहिनींच्या सुजलेल्या तोंडावर पडलं.

"निळा कमी करा," त्या म्हणाल्या. "निळ्यानं मी काळी दिसतो."

कमी केला.

"कानामागं थोडा जास्त. हां. ठाकरेबाईपेक्षा जास्त आहे ना?"

"दुप्पट आहे वं."

"मंग ठीक आहे." वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहो, भूक लागली."

त्यानंतर वहिनी एक महिना राहिल्या. डॉक्टरांच्या हिशोबापेक्षा जास्तच. मग गेल्या. फ्लेक्स तयारच होता, चौकात लागला, आणि स्कूटरवरची माणसं स्कूटर न थांबवता समजून गेली. पहिला खांदा गुड्डूभाऊंनी दिला, आणि घाटापर्यंत बदलू दिला नाही. आहेच तसा दणकट.

तेरवी झाल्यावर पुंडलिकभाऊंनी दुकान उघडलं. मी दोन चहा घेऊन आत गेलो, खुर्चीला अडखळलो, बसलो. ते कोणाच्या तरी लग्नाला गुलाबी देत होते. थोड्या वेळानं माझ्या तोंडून निघालंच.

"भाऊ, एक विचारू? नियम केल्यापासून तुमचा पांढरा कधी चुकला नाही. गुड्डूभाऊच्या वाढदिवसाले कसा चुकला गा?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. नजर स्क्रीनवरच होती.

"कोणावर तरी करून पाहा लागत होतं," म्हणाले.