हात सांभाळा, मिस्त्री!

"परत ठेवा," परदेशी नोकऱ्यांच्या ऑफिसात काउंटरवरची मुलगी सातव्यांदा म्हणाली. मिस्त्रींनी बोट पँटला पुसून काचेवर दाबलं. यंत्राचा दिवा पुन्हा लाल.

"काका, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत!"

"असतील कुठून? पंचवीस वर्षं फरश्या बसवतोय. सिमेंटनं खाल्ले सगळे."

आता आली का पंचाईत! परदेशातल्या कंपनीला अनुभवी फरशीवाला हवा होता आणि मिस्त्रींकडे अनुभव सोडला तर दुसरं काहीच नव्हतं. ना डिप्लोमा, ना सर्टिफिकेट. सातवीत शाळा सोडली ती सोडलीच. तीन कंपन्यांनी कागद नाही म्हणून वाटेला लावलं होतं. ही चौथी म्हणाली, कागद राहू द्या, माणूस दाखवा. आणि इथे नेमका अनुभवच आडवा आला.

"महिनाभर सिमेंट, साबण, कशालाही हात लावू नका. मलम चोळा, ठसे परत येतात," मुलगी म्हणाली. "मग व्हिसाचे ठसे आणि मुलाखत एकाच दिवशी उरकू. पण ती शेवटची तारीख हं!"

मुलगी बोलून विसरली. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं मात्र ते भलतंच मनावर घेतलं. घरी पोचताच मिस्त्रींच्या हातांना मलम लागलं, वर मोजे चढले. चहाचा कपसुद्धा ती त्यांच्या तोंडाशी धरू लागली.

"अगं, निदान आंघोळ तरी..."

"हात वर करून करा!"

आंघोळीवरून विषय मोरीवर आला. गावभर फरश्या बसवणाऱ्या या माणसाच्या घरातली मोरीची भिंत अकरा वर्षं अर्धी उघडी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"दोन वर्षं येणार नाही तुम्ही. तोवर एकटीनं ही भिंत बघत बसू?" बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षांचं तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. मिस्त्रींनाही गलबलून आलं, पण हातात मोजे, डोळे पुसणार कसे?

"तुम्ही नुसतं सांगा," नाक ओढत ती म्हणाली, "मी लावते."

झालं! मोरीच्या दारात खुर्ची आली. "थापी तिरकी धर! अगं ठोकू नकोस, थोपट!" पहिली फरशी तिच्या पायावर पडली, दुसरी मिस्त्रींच्या. पण चौथ्या आठवड्यात मिस्त्रींना शोधूनही चूक सापडेना. त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

ठरल्या दिवशी यंत्राचा दिवा हिरवा लागला. दोघं हरखून शेजारच्या खोलीत गेले. तिथे कंपनीचे साहेब बसले होते.

"हात दाखवा. कागद कोणीही विकत आणतो, मी हात बघून माणूस घेतो."

मिस्त्रींनी ऐटीत तळहात पुढे केले. साहेबांनी ते दाबून पाहिले आणि त्यांचा चेहराच पडला. "हे फरशीवाल्याचे हात? तान्ह्या बाळाचे वाटतात!"

मिस्त्री स्वतःचेच हात उलटेपालटे करून बघू लागले. बायकोचा मात्र पारा चढला. तिनं आपले दोन्ही हात टेबलावर आपटले.

"मग हे बघा! महिनाभर यांना कशाला हात लावू दिला नाही. मोरीच्या भिंतीच्या फरश्या मी बसवल्या, यांनी खुर्चीत बसून नुसतं तोंड चालवलं!" तिनं मोबाइलवर भिंतीचा फोटोच दाखवला.

साहेबांनी फोटो मोठा करून न्याहाळला. "आधी कधी केलं होतं हे काम?"

"छे हो! थापी कशी धरतात तेही माहीत नव्हतं."

"म्हणजे हात न लावता यांनी महिन्यात एवढं शिकवलं?" साहेब खुर्चीत सावरून बसले. "फरशी बसवणारे पन्नास आहेत माझ्याकडे. शिकवणारा एक नाही. मिस्त्री, तुम्ही शिकवायला या. आणि बाई, तुम्हीही कामावर या. जोडीनंच निघा!"

या वेळी हातात मोजे नव्हते. मिस्त्रींनी मनसोक्त डोळे पुसले.

लगेच बायकोला काउंटरपुढे उभं केलं. तिनं काचेवर बोट दाबलं. दिवा लाल.

"काकू," मुलगी म्हणाली, "तुम्हालाही ठसे नाहीत! साहेबांना सांगून पुढच्या महिन्याची तारीख देते."

मिस्त्रींनी खिशातून मलमाची डबी काढली आणि गुपचूप तिच्या हातात ठेवली.

"आणि महिनाभर स्वयंपाक, भांडी, धुणं?" तिनं डोळे बारीक केले. "येतं काय तुम्हाला?"

"त्यात काय," मिस्त्री म्हणाले, "खुर्चीत तू बस आणि शिकव."