हलक्या मापाची काडतुसं

सकाळी नऊ ते अकरा आप्पा रेंजरांच्या घरात शिंकायला बंदी होती.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, तपकिरीची सवय. त्यामुळे हा हुकूम खास त्यांच्यासाठीच होता. शिंक येणार असं वाटलं की पदर नाकाशी धरून त्या परसात धावत आणि विहिरीपाशी उभ्या राहून मनसोक्त शिंकत. परत येताना पुटपुटत, "सरकारनं पेन्शन दिली, पण ह्याची रेंजरकी काही सुटली नाही."

आप्पा मान वर करत नसत. त्यांच्यापुढे सोनाराचा तराजू असे. एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात दारू. बंदुकीची. दुसऱ्या दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण 'रेंजर घरात दारू भरत बसतो' ही बातमी पंचवटीत अर्धीच पोचली होती, आणि तेवढ्यावर दोन भिक्षुकांनी त्यांच्याकडे जेवायला येणं सोडलं होतं.

आप्पा रायफलीची काडतुसं घरी भरत. शिकारी लोक झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी रानात टाकून येतात. आप्पा ती घरी आणत, पुन्हा भरत, पुन्हा झाडत. माणसांचीही त्यांनी हीच वाटणी केलेली होती. शेजारच्या वकिलांचं नाव निघालं की म्हणत, "पुंगळी. चकाकी पुष्कळ, आत काही नाही." एखाद्यावर खूश झाले तर म्हणत, "भरलेला माणूस आहे."

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहत होतो. शाळेत गणित शिकवत होतो. तेव्हा मोठी लढाई संपून बारा-चौदा वर्षं झाली असतील. एका रविवारी आप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, काडतूस भरायला शिकणार का?"

"मी? मी तर साधा उंदीर मारलेला नाही."

"मारायचंय कुणाला? भरायचंय."

आप्पा बोलता बोलता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होते. मी तेव्हा फार किडकिडीत होतो. वर्गातली मुलं मला दौतीतला 'टाक' म्हणत. आप्पांना माझं गणित आवडलं असेल, असं मी धरून चाललो.

पहिले दोन महिने मी फक्त पुंगळ्या धुतल्या. चिंचेचा कोळ घालून त्या घासायच्या, आतून काडीनं साफ करायच्या आणि तांबट आळीतल्या भांड्यासारख्या लखलखीत करून उन्हात सुपावर मांडायच्या. आक्कांच्या आमटीतली चिंच त्या काळात नाहीशीच झाली. एकदा त्यांनी आप्पांच्या पानात नुसतं वरण वाढलं आणि म्हणाल्या, "चिंच पुंगळ्यांनी खाल्ली."

मग शिसं आलं. किराणा दुकानातल्या चहाच्या खोक्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असे. तो आप्पा दुकानदारांकडून मागून आणत. परसातल्या शेगडीवर तो वितळवायचा, साच्यात ओतायचा, गोळी थंड झाली की हातावर घेऊन निरखायची. दहांतल्या सहा गोळ्या ते पुन्हा शेगडीवर टाकत. "माप म्हणजे माप," एवढंच म्हणत. आमच्या मुख्याध्यापकांनीही कधी मला इतक्या वेळा नापास केलं नव्हतं.

दारू घरातच, चूल विझवून आणि खिडकी लावून. पुंगळीच्या बुडाशी दारूला पेट देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी, आणि मोठ्या अडकित्त्यासारख्या एका विलायती हत्यारात धरून दाबायचं. पहिलं काडतूस माझ्या हातून पुरं झालं तेव्हा मला, खरं सांगतो, परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं. आप्पांनी ते तळहातावर झेललं आणि दुसऱ्या डब्यात ठेवलं.

डबे दोन होते. एकात पुऱ्या मापाची काडतुसं. दुसऱ्यात हलक्या मापाची, पुष्कळ कमी दारूची. मी कारण विचारलं.

"असतं एकेकाचं माप," आप्पा म्हणाले.

त्या हिवाळ्यात रायफल आणि काडतुसांचा एक डबा बांधून ते मला हरसूलला घेऊन गेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी तिकडच्या रानात काढली होती. मोटारीतून उतरलो तेव्हा बाजार भरलेला होता आणि त्या गर्दीतून एक वाळका म्हातारा सरळ आमच्याकडे आला. हा लहानू. आप्पांच्या हाताखाली जंगलचा राखणदार होता. दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि आम्ही तिघे दोन मैल रानात चालत गेलो. आप्पा चालताना एकेका झाडाशी थांबत, खोडाला हात लावत. घरात तराजूपुढे बसलेला माणूस आणि हा माणूस एकच, यावर माझा विश्वास बसेना.

एका कोरड्या ओहळापाशी आम्ही थांबलो. पलीकडच्या दरडीवर नेमासाठी चुन्याचा ठिपका काढायला आप्पा उतरून गेले. मी डबा उघडला. त्यात सगळी हलकीच काडतुसं होती.

"ती बाईंची हायेत," लहानू म्हणाला.

"कुठल्या बाईंची?"

"साहेबांच्या मंडळींची. इथंच तंबू असायचा. बाई हट्टाला पेटल्या, मला बी एक बार काढू द्या. साहेबांनी दिली रायफल. बार निघाला अन् बाई मागं पडल्या. खांदा लय सुजला, काळानिळा झाला. तरी हसत व्हत्या. साहेब म्हणले, थांब, तुला लागणार नाय असं काडतूस मी करून देतो."

"मग?"

"ते हत्यार विलायतेहून यायचं व्हतं. पावसाळा मधी आला. हिवताप झाला बाईंना." लहानूनं दरडीकडे पाहिलं. "पार्सल आलं तवा बाई नव्हत्या. साहेबांनी वरीसभर ते उघडलंच नाय."

आप्पा वर आले. हाताला चुना लागलेला होता. त्यांनी रायफल माझ्या हातात दिली, खांद्याला नीट टेकवून दिली, माझं कोपर किंचित उचललं.

"माझा खांदा मला काही सांगत नाही, मास्तर. निबर झालाय. लहानूचाही तसाच. तुमचं अंग नाजूक आहे. म्हणून तुम्हाला आणलं."

मी चाप ओढला. आवाज लहानच झाला. दरडीवरची माती उडाली, ठिपका होता तिथेच राहिला. आप्पांनी तिकडे पाहिलंही नाही.

"लागलं का?"

लागलं होतं. फार नाही. दारावर खांदा आपटावा इतपत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका," आप्पा म्हणाले. "पुष्कळ वर्षं लागलीत याला."

"थोडं लागलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते खचतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं. नाइलाजानं घरातून निघालेल्या माणसाला दारातून परत बोलावलं की त्याचा चेहरा जसा खुलतो, तसा.

"म्हणजे अजून अर्धी गुंज काढायला हवी," ते म्हणाले. "तिचा खांदा तुमच्याहूनही लहान होता."

मी रायफल उघडली तशी पुंगळी उडून वाळल्या पानांत पडली. आप्पा ती शोधायला वाकले. ती त्यांच्या पायापाशीच, अगदी डोळ्यांसमोर होती. तरी ते बराच वेळ पानं चाळत राहिले. लहानू दुसरीकडे पाहू लागला, आणि मग मीही.