बाच्या नंबरावरून

फोनमध्ये दोन सिमकार्डं बसतात, तर दोन व्हॉट्सॲप का बसू नयेत, एवढाच साधा विचार मी केला होता. (मी साधे विचार करू नयेत, असं ललिताचं लग्नापासूनचं मत आहे.)

याला कारण माझा बा. बा गेला त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. त्याचा फोन त्याच्या आधीच बैलाच्या पायाखाली जाऊन संपला होता, पण सिमकार्ड शाबूत होतं. गॅस आणि रेशनचे ओटीपी त्याच नंबरावर येतात, म्हणून मी ते माझ्या फोनमध्ये घातलं. खरं सांगायचं तर ओटीपी हे निमित्त. रिचार्ज केला नाही तर कंपनी नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते, आणि बाच्या नंबरावरून भलताच कुणी 'हॅलो' म्हणेल हे मला सोसणारं नव्हतं.

मुरबाडला मी ज्या कचेरीत कारकून आहे, तिथे शेजारच्या टेबलावर विनोद बसतो. त्याने कुठूनतरी मिळवलेलं एक जादा व्हॉट्सॲप माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. हे ॲप घातक असू शकतं, असं फोनने तीनदा बजावलं. विनोद म्हणाला, तो सगळ्यांनाच तसं सांगतो. मी विनोदवर विश्वास ठेवला. (कचेरीत बावीस वर्षं काढूनही.)

बाचं खातं सुरू झालं, पण जुनं बोलणं काहीच आलं नाही. आला तो फक्त त्याचा फोटो, म्हसा गावच्या जत्रेत बैलाचं शिंग धरून काढलेला. त्यात बैल हसतोय आणि बा गंभीर आहे. मी तो बराच वेळ बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्यावर देवरामकाकाचा आवाज आला.

देवरामकाका म्हणजे बाचा जोडीदार. टोकावड्याच्या पुढे आमच्या गावात दोघांची शेतं बांधाला बांध लागून आहेत. चाळीस वर्षं दोघं एकमेकांच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेले आणि चाळीस वर्षं त्याच एका बांधावरून भांडले. बा गेला तरी काका त्याला रोज बोलून मेसेज पाठवत होता. "कमळू, काल तुजी आवणी झाली रं. वयनीनं जेवान चांगलं केलतं. बांध मी तीन बोटं माज्याकडं घेतलाय. काय बोलायचं त्ये बोल."

मी राहायला शहापूरला. रोज सकाळी मुरबाडच्या जीपमध्ये मागे बसून मी हे ऐकायचो. आवणीच्या दिवसांत बा चिखलाच्या पायांनी ओट्यावर बसायचा आणि पाय धुवायला मलाच तांब्या आणायला लावायचा. तांब्या आणायला मी तेव्हा किती कुरकुर केली असेन. आता वाटतं, हौद आणून दिला असता. बाची मला फार आठवण यायची.

तर एका संध्याकाळी परतताना मी जीपमधून ललिताला लिहिलं, "निघालोय. पाऊण तासात पोचतो. चहा टाक." उघडायचं आणि सगळ्यात वरचं नाव दाबायचं, ही माझी पद्धत. माझ्या खात्यात सगळ्यात वर ललिता असते. बाच्या खात्यात देवरामकाका असतो. दोन्ही व्हॉट्सॲप दिसायला सारखीच, आणि जीप खड्ड्यात होती.

मी ते खोडेपर्यंत निळ्या खुणा उमटल्या. काकाचं उत्तर आलं, "ये."

एवढ्यावर भागलं असतं. पण काकाच्या शेजारी गोमाकाका बसला होता, आणि गोमाकाकाने वाचलेली गोष्ट गावात एकट्याची राहत नाही. थोड्याच वेळात त्याचा मला फोन आला. म्हणाला, तुज्या बाचा मेसेज आलाय, तो निघालाय. मी विचारलं, कुठून? तो म्हणाला, ते त्यानं लिवलं नाय.

मग आईचा फोन. ती घाबरली नव्हती, रागावली होती. "जनमभर चहा मी केला," ती म्हणाली, "आनि आता देवरामला टाकाय सांगतो?"

गोमाकाकाने तोवर निदान करून टाकलं होतं. बाच्या दहाव्याला कावळा शिवायला दोन तास लागले होते, त्या अर्थी कमळूची काहीतरी इच्छा राहिली. रविवारी पुन्हा पान ठेवायचं ठरलं. बाला आवडायचे म्हणून सुके बोंबील मी आणायचे, असंही ठरलं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण काकाच्या नजरेत आपण मेलेल्या माणसाची थट्टा करणारे ठरू, या भीतीने मी बोंबील आणायचं कबूल केलं. त्यात दुसऱ्या सकाळी काकाने विचारलं, "कमळू, काय राहिलं रं तुजं?" त्याला उत्तराविना कसं ठेवायचं? मी लिहिलं, "काहीही राहिलेले नाही. आपण काळजी करू नये." (कचेरीची भाषा मेल्यावरही सुटत नाही.)

मग रोजच सुरू झालं. काकाने विचारलं, बांधाचं काय? मी लिहिलं, राहू द्या तुमच्याकडे. त्याने विचारलं, धन्या कसा हाय? (धन्या म्हणजे मी.) मी लिहिलं, बरा आहे, कामात असतो. गावाला का येत नाय? मी लिहिलं, रजा मिळत नाही. स्वतःच्या रजेचं कारण मेलेल्या बापाकडून देणारा जिल्ह्यातला पहिला कारकून मीच असेन. पण ते बोलणं मला हवंहवंसं झालं होतं. कमळू म्हणून हाक मारणारा तो एक आवाज उरला होता आणि तो माझ्याच खिशात यायचा.

शनिवारी सकाळी बाचं खातं बंद झालं. अनधिकृत ॲप वापरल्यामुळे कायमचं, असं लिहून आलं. विनोद म्हणाला, होतं असं कधी कधी. जीपमध्ये मला रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं. घरी कळलं की साध्या व्हॉट्सॲपमध्येही आता दोन खाती चालतात, आमच्या नेहाने केव्हाच करून ठेवलीत. तिला का नाही विचारलं, असं ललिता म्हणाली. मुलीला विचारायची मला लाज वाटली होती.

रविवारी बोंबील घेऊन गावाला गेलो. पान ठेवलं आणि कावळा दोन मिनिटांत आला. (बोंबील होते.) गोमाकाकाने हात जोडले. आईने डोळे पुसले. मला ते बघवेना. मी देवरामकाकाच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

"काका, ते मेसेज मी करत होतो."

काका तंबाखू मळत होता. "म्हाईत हाय. कमळू अंगठा लावायचा. तो काय लिवनार?"

"मग रोज विचारत का होता?"

"तू उत्तर देत होतास म्हनून."

मी खातं बंद पडल्याचं सांगितलं. त्याने तंबाखू तोंडात टाकली.

"मंग आता तुज्याशी बोलायचं कुनाच्या नंबरावर?"

"माझ्या नंबरावर बोला ना, काका."

"तो हाय माज्याकडं," काका म्हणाला. "त्याच्यावर कोन उत्तर देत नाय."