अभ्यंगाच्या पहाटे गीझर राखिला त्याची हकीकत

श्रीकालिकामातेस दंडवत घालून, आणि विजेच्या लहरीस दुरूनच मुजरा करून, सन दोन हजार सहाच्या दिवाळीत सातपूरच्या कामगार वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दुर्गम किल्ल्यात जो तुंबळ प्रसंग गुजरला, त्याची साद्यंत हकीकत लिहिली असे. ऐकणाराने चित्त द्यावे आणि अंगावर शाल घ्यावी, कारण प्रसंग थंडीचा आहे.

किल्ल्याचे धनी राजश्री किशोरराव, कारखान्यात लेथ मशीनवर पहिल्या पाळीचे मानकरी; त्यांचे कुटुंब सौभाग्यवती आशाबाई, मुदपाकखान्याच्या सर्वाधिकारी; आणि कन्यारत्न स्नेहल, इयत्ता नववी, विज्ञान प्रदर्शनात नुकताच दुसरा नंबर आलेली, म्हणोन कोणासही न जुमानणारी. दसऱ्यास सारी स्वारी देवळ्यास आत्याबाईंकडे गेली, आणि मुक्काम करोन परतली, तो न्हाणीघरात गीझराचा लाल दिवा अखंड जळतो आहे, जैसा देव्हाऱ्यातील नंदादीप. किशोरराव त्या दिव्याहून लाल जाहले आणि उभ्या उभ्या फर्मान सुटले की, गीझराचा फ्यूज काढोन कपाटात कुलूपबंद करावा, आणि होळीपर्यंत समस्तांनी गार पाण्याने स्नान करावे.

स्नेहलची शाळा सकाळी सातची. तिला डोळ्यांपुढे अवघा हिवाळा दिसला आणि अंगावर आत्ताच काटा आला. मग तिने हुजुरात अर्ज गुजारिला की, गीझरास टायमर जोडावा.

"पप्पा, ऐका तर! आपोआप लागतो, आपोआप बंद होतो."

"तू आपोआप उठत नाहीस, ते बघ आधी."

"बघ ना आई, हे असं!"

मग आशाबाई मध्यस्थ पडल्या आणि तह जाहला तो ऐसा: नरकचतुर्दशीच्या अभ्यंगास सर्वांस, सर्वांस म्हणजे सर्वांस, कढत पाणी मिळाले, आणि गीझराच्या बटणास कोणी हात लाविला नाही, तर गीझर राहील, एक जण जरी गारठला तरी फ्यूज निघेल.

मेनरोडवरून टायमर आला. बटणाच्या शेजारी गोल तबकडी, तिला कडेने दाते. ज्या वेळेचा दाता दाबावा त्या वेळी गीझराने जागे व्हावे, ऐसा बंदोबस्त. स्नेहलने पहाटेचे दाते दाबले आणि पहिल्या दिवशी वाफाळते पाणी आले, आणि ती शाळेत ऐसी चालली की जणू अटकेपार झेंडा लावून आली. परंतु दुसरे दिवशी पाणी कोमट, आणि तिसरे दिवशी किशोरराव डोक्यास साबण लावोन गर्जले, "स्नेहल! हे काय, बर्फाचं दुकान काढलंय का?" आणि स्वारी कामावर गेल्यावर, ज्यास पाणी नको ऐशा वेळी, गीझर खुशाल तापत बसला.

स्नेहल मग तबकडीसमोर स्टूल टाकोन पहाऱ्यास बसली. दुपारी नेमाप्रमाणे लोडशेडिंग आले, पंखा थांबला, आणि तबकडीही थांबली! गनीम सापडला. वीज जाते तितका वेळ तबकडी झोपते, आणि उठल्यावर रोज तितकी आणखी मागे राहते. त्याच सायंकाळी स्नेहलचे फर्मान निघाले की, लाईट आल्यावर, जितका वेळ गेली तितकी तबकडी आठवणीने पुढे सरकवावी. सर्वांनी माना डोलाविल्या. येथेच चूक जाहली; कारण कोणी सरकवावी, हे फर्मानात लिहावयाचे राहिले.

दिवाळीस देवळ्याहून आत्याबाई वत्सलाबाई दाखल जाहल्या. त्यांची निष्ठा चुलीवरच्या हंड्यावर. त्यांनी गीझराकडे पाहून जाहीर केले, "विजेच्या पाण्यानं नुसती कातडी तापती. हाडाला नाय लागत."

अभ्यंगाच्या आदल्या दुपारी वीज गेली आणि तीन तासांनी आली. मग आशाबाईंनी चकलीच्या हातानेच तबकडी पुढे केली. मग किशोरराव पाळीवरून आले आणि त्यांनी कोणास न सांगता केली. मग शेवटी स्नेहलने, सेनापती म्हणोन, केली.

पहाटे तेल-उटणे लागले, आणि स्नेहल न्हाणीघरात डोकावली, तो लाल दिवा विझलेला! तबकडी भर दुपार दाखवीत होती.

"आई, तबकडीला कोणी हात लावला?"

"मी लावला की. तूच म्हणालीस ना?"

"मी पण," किशोरराव म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा आवाज खाली आला.

आत्याबाई पदराशी चाळा करीत बोलल्या, "मी उलीशीच फिरवली गं. म्हटलं, सगळे इसरले तर पोरीची फजिती व्हायची."

म्हणजे गीझर रात्रीच, सारे करंज्या भरण्यात दंग असता, तापोन बंदही जाहला होता. किशोररावांनी नळ सोडिला, आणि वाफ आली! गीझराने पोटातली ऊब रात्रभर धरोन ठेविली होती, एक दिवाही न जाळता. किशोरराव कढत पाण्याने न्हाले, आणि आतूनच "वा! वा!" म्हणाले. मग आत्याबाई आत गेल्या आणि हाडांस लागेतो दोन बादल्या घेऊन बसल्या. मग आशाबाई उरकोन आल्या. आणि प्रथेप्रमाणे सर्वांत धाकटी म्हणोन स्नेहल शेवटी गेली.

गीझराची टाकी रिती जाहली होती. नळातून आले ते थेट गच्चीवरच्या टाकीतले, कार्तिकाच्या तोंडावरचे पाणी. बटण हाताच्या अंतरावर होते. दाराबाहेर पप्पा होते.

"कसं आहे गं पाणी?"

स्नेहलने पहिला तांब्या डोक्यावर ओतला, श्वास परत येईतो थांबली, आणि गर्जली, "कढत!"

ती बाहेर आली तेव्हा आत्याबाईंनी विचारले, "थरथरती का गं?"

"आनंदानं."

ऐसा गीझर राहिला. किशोररावांनी सर्वांदेखत फ्यूजचा विषय कायमचा बंद केला, आणि तबकडीस यापुढे एकट्या स्नेहलनेच हात लावावा, ऐसा हुकूम जाहला. अभ्यंगास सर्वांस कढत पाणी पावले, एकही जण गारठला नाही, मोहीम फत्ते, ऐसे या हकीकतीत पक्के नोंदविले असे. आणि ही नोंद होत असता विजयी सेनापती दोन शाली पांघरोन, दातांत चकली घट्ट धरोन बसली होती, की दात वाजलेले कोणास ऐकू येऊ नयेत.