डबे, झाकणं आणि वाघमारे सर

नांदेडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कुणाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चुकली की वाघमारे सर सगळ्यांचे जेवणाचे डबे ताब्यात घेतात. टेबलावर डाव्या बाजूला डबे, उजव्या बाजूला झाकणं. मग दोन याद्या जोडण्याचा, म्हणजे इनर जॉइनचा धडा: ज्याची जोडी जुळली तोच डबा राहणार, बाकीचे बाद.

"आन् ज्याला झाकण न्हाई त्यानं उपाशी मरावं का रे? लेफ्ट जॉइन लाव, डावीकडचे समदे ऱ्हातील!"

तोवर भाजीचं बर्फ झालेलं असतं.

मी मुदखेडचा, घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात जॉइनची व्याख्या पाठ केली होती. जॉइन शिकलो ते सरांच्या कृपेनं, भुकेल्या पोटी. उपकार मी विसरणार नाही. पोटही विसरणार नाही.

सरांचा खरा राग मात्र ग्रुपिंगमधल्या, म्हणजे गट पाडून मोजण्यातल्या, चुकांवर. एकदा एका शाळेसाठी मी वर्गवार मुलं मोजली. लेफ्ट जॉइन लावला होता, म्हणून छाती फुगवून दाखवायला गेलो. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नववी क मधी एकबी पोरगं न्हाई. तुझ्यात एक दिसून राहिलं. कुणाचंय? तुझं?"

लेफ्ट जॉइनमध्ये रिकाम्या वर्गाचीही एक ओळ येते, आणि मी मुलं सोडून ओळी मोजल्या होत्या. पुढं कित्येक दिवस ऑफिस मला 'पालक' म्हणत होतं.

परवा मालकांनी रेणापूरच्या शेतावर सगळ्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. कुणासोबत, त्याला स्वतःला सोडून, घरची किती माणसं येणार, ते काढायचं काम माझं. घाईत पुन्हा ओळीच मोजल्या. सर मागं येऊन उभे राहिले, तेव्हा चूक दिसली. वाघमारे, घरची माणसं: एक.

सरांना मूलबाळ नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या वर्षी वारल्या. डेटाबेसमधून त्यांचं नाव सरांनी स्वतःच काढलं होतं, आकडे बरोबर राहावेत म्हणून.

मी माझा डबा पुढं केला. "दुरुस्त करतो, सर."

सरांनी डबा परत माझ्याकडं ढकलला. "जेव आधी." मग स्क्रीनवरच्या त्या 'एक'वर बोट टेकवून, "ऱ्हाऊ दे तसंच."

शेतावर पंगत बसली. सरांच्या शेजारी पत्रावळ मांडलेली, पण जागा रिकामी. भाकरी वाढणारा थबकला.

"हितं कोण हाय, सर?"

सरांनी रुमालानं पत्रावळीवरची धूळ पुसली.

"वाढ. कडक बघून दे. तिला तसलीच लागती."