चौथा पाहुणा

ऑर्बियाने कोंबडी मुद्दाम हडकुळी निवडली होती. पोसलेली कोंबडी वाढणे रोममध्ये गुन्हा होता. बाहेरचे पाहुणेही तीनच बोलवायचे आणि जेवताना दार सताड उघडे ठेवायचे, म्हणजे सरकारला मोजता येते. शिजल्यावर कोंबडी कायद्याइतकीच कडक निघाली, पण ऑर्बियाला त्याची फिकीर नव्हती. तिला हवा होता तितिनियसचा होकार. तिची लेक विबिया आणि त्याचा मुलगा मानियस केव्हाचे राजी होते. म्हातारा मात्र चार महिने नुसता 'बघू' म्हणत होता.

तितिनियस, त्याची बायको आणि मानियस. बरोबर तीन. आणि मग उघड्या दारातून चौथा आला.

"काय रे दादा, मला सोडून जेवतोस?" तितिनियसचा धाकटा भाऊ सरळ बैठकीवर आडवा झाला.

"अहो, चार झाले!" ऑर्बिया नवऱ्याच्या कानाशी लागली.

"मग काय हाकलू? मुलाचा काका आहे!" नुमेरियस कुजबुजला.

तेवढ्यात नगर-अधिकाऱ्याचा कारकून दारात हजर. त्याने बोट फिरवले. "चार. दंड यजमानाला, आणि पाहुण्यांनाही."

काकाने उशी तोंडावर ओढली. "मी इथे नाहीच."

"उशीला पाय फुटलेत," कारकून म्हणाला.

"तीनच आहेत!" ऑर्बिया पुढे सरसावली. "मानियस आमचा जावई. घरची माणसं मोजत नाहीत."

"कोण जावई?" तितिनियस ताडकन उठला. "मी अजून बघतोय!"

"हे बघत असतील तर चार." कारकून लिहू लागला.

"थांबा हो!" तितिनियसची बायको कडाडली. "आणि तुम्ही, किती बघाल? दंड भरायचाय का? मुलीच्या बापाला विचारा, ते 'दिलं' म्हणाले की सोयरीक पक्की!"

तितिनियस नाइलाजाने वळला. "नुमेरियस, तुझी मुलगी माझ्या मुलाला देण्याचं वच—"

"दिलं!" नुमेरियस मध्येच ओरडला.

विबियाच्या हातातला ऑलिव्हचा वाडगा खळ्‌कन खाली पडला. मानियस ऑलिव्ह वेचायला धावला आणि बराच वेळ वर उठलाच नाही.

कारकुनाने मेणाच्या पाटीवरचा आकडा खोडला. मग पुन्हा बोटे मोजली. "म्हणजे हे व्याही, या विहीणबाई, हे जावयाचे काका. सगळे नातलगच की. बाहेरचं कोणीच नाही."

"कोण्णी नाही!" ऑर्बियाचा आनंद पोटात मावेना.

"मग तीन जागा रिकाम्या आहेत." कारकुनाने वहाणा काढल्या आणि रस्त्यावर थांबलेल्या आपल्या दोन शिपायांना हाक मारली.