सात पॉइंट चार

दिघ्यांनी मला कधी नमस्कार केला नाही. भेटले की मान तिरकी करून माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि आकडा सांगायचे. "साहेब, आज सहा पॉइंट आठ. घरी काही झालंय का?"

काही ना काही झालेलं असायचंच.

आकडा मुळात पाण्याचा. अंबरनाथला आमच्या रहिवासी मंडळाचा पोहण्याचा छोटा तलाव होता. त्याचं पाणी तपासायचं काम दिघे हौसेने करायचे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि चढलेला रंग डबीवरच्या रंगीत पट्ट्यांशी जुळवायचा. पिवळा आला तर पाण्यात आम्ल जास्त, गडद गुलाबी आला तर अल्कली जास्त. मधला नारिंगी आला की सात पॉइंट चार. मग दिघ्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू घरातल्या आजारी माणसाचा ताप उतरला.

पुढे पुढे ते माणसंही त्याच पट्टीवर मोजू लागले. "वहिनी आज आठच्या वर आहेत, जपून बोला," असं एखाद्या नवऱ्याला दारातच सांगायचे. लग्नात अक्षता टाकताना आशीर्वाद तोच, "दोघंही सात-चारला राहा." भटजींनी एकदा त्यांना विचारलं, हा कुठला मुहूर्त?

स्वतः दिघ्यांना पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी त्यांनी अंगाला लागू दिलं नाही. कोणी डिवचलं की म्हणायचे, "डॉक्टरला काय सगळे रोग झालेले असतात?" डोक्याला तेल लावून आलेल्याला ते परत पाठवायचे. "काका, तलाव आहे हा, कढई नाही."

इथवर ठीक होतं. माझं डोकं फिरायचं ते त्यांच्या साक्षीदाराच्या पद्धतीने. रंग कधीही एकट्याने जुळवायचे नाहीत. "एकट्याचा डोळा फसतो," म्हणायचे. कुंपणापलीकडून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायचे. दूधवाला, फिरायला निघालेल्या बायका, शाळेत निघालेले मास्तर. "अहो, जरा बघा. हा की हा?" तो माणूस सायकल टेकवून यायचा, नळी उजेडात धरायचा, सांगायचा. मग गुडघ्यांचा विषय निघायचा. त्यातून मुलीचं स्थळ, गॅसचा नंबर. इकडे पोहायला आलेली मंडळी टॉवेल गुंडाळून कुडकुडत फाटकाशी उभी, कारण तपासणी झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही हा दिघ्यांचाच नियम.

मी रासायनिक कारखान्यात उपकरण विभागाचा अधिकारी होतो. तिथे हीच गोष्ट काचेची एक कांडी पाण्यात बुडवून काट्यावर दिसायची, आणि इथे आम्ही दूधवाल्याचं मत घेत होतो. मंडळाचा सचिव झाल्यावर मी ठरवलं, हे बंद करायचं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका कारागिराकडून पेटी बनवून घ्यायची. पाणी सतत मोजेल, औषध लागेल तेवढं आपणच सोडेल, आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लावेल.

बैठकीत सगळ्यांना पेटी पटली, पण हो कोणी म्हणेना. "दिघ्यांना काय वाटेल?" प्रत्येकाच्या तोंडी तेच. दिघे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. नळ्यांची डबी मांडीवर.

विषय पुढच्या बैठकीवर जाणार असं दिसलं तेव्हा मी बोललो. "एक विचारू? दिघ्यांना एकट्याने रंग जुळवताना कोणी पाहिलंय? रोज दुसऱ्याला का विचारतात? सरळ आहे, त्यांना रंग ओळखू येत नाहीत. आणि आपली पोरं त्या पाण्यात उतरतात."

मला खात्री नव्हती. जिंकायचं होतं, एवढंच.

सगळे दिघ्यांकडे वळले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला. नाही म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "साहेब म्हणतात तर असेल. मग यंत्रच बरं." डबी टेबलावर ठेवली आणि गेले.

पेटी उत्तम चालली, हेही सांगायला हवं. पाणी कधी बिघडलं नाही. लोक हिरवा दिवा बघायचे आणि उडी मारायचे. कुंपणापाशी कोणी थांबायचं कारण उरलं नाही. दिघेही यायचे थांबले. बुवापाड्याला त्यांची एक खोली होती, तिथे ते एकटेच राहतात, हे मला तेव्हा प्रथम कळलं. त्यांचं नाव मात्र मागे राहिलं, 'रंगांधळे दिघे'. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी मंडळातली जुनी माणसं त्यांना याच नावाने ओळखतात. हे खोटं आहे, आणि ते मला त्याच वर्षी कळलं होतं.

पेटीच्या पंपाची रबरी नळी फाटली म्हणून मी कॅम्प चारला गेलो होतो. कारागिराच्या शेजारी साडीचे फॉल, अस्तरं, धाग्याची रिळं विकणारं दुकान. आतून ओळखीचा आवाज आला. "ताई, जरा बघा. हा की हा?"

दिघे गल्ल्याच्या अलीकडे स्टुलावर बसले होते. समोर एक बाई जांभळी साडी घेऊन उभ्या, आणि मागे भिंतभर रिळं.

"आपके पहचान के हैं?" दुकानदार शेठ मला हळूच म्हणाला. "क्या नजर है, साहब! इनकी घरवाली सिलाई करती थी, धागा यही ले जाते थे. अब वो नहीं रही, फिर भी रोज आके बैठते हैं. मेरा नौकर दस रील निकालेगा, ये एक निकालेंगे, और वही लगेगी. लेकिन आदत देखो, सबको पूछेंगे जरूर."

मी बघत राहिलो. दिघ्यांनी साडीच्या पदराकडे एकदाच पाहिलं, भिंतीवरून दोन रिळं काढली आणि मग त्या बाईंना विचारायला लागले. बाई नीट वाकून पाहू लागल्या. मग साडी कुणाच्या लग्नातली, ते सांगू लागल्या.

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत पायरी चढलो. दिघ्यांनी मान तिरकी केली, माझा चेहरा पाहिला.

"साहेब, आज फारच पिवळे. पाचावर आलात." मग हसले. "यंत्र आणलंय बरोबर? नाही? मग या, डोळ्यांनी बघा. या ताईंना अन् मला काही सुचेना. हा की हा?"

दोन्ही हातांत दोन जांभळी रिळं. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि लागतो त्याहून जास्त वेळ पाहत राहिलो. मला दोन्ही सारखीच दिसत होती.

"डावा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, साहेब," दिघे म्हणाले, आणि उजव्या हातातलं रीळ त्यांनी बाईंना दिलं.